स्वतःचे काम तपासायला शिकवणारा वर्ग : रत्नागिरीतील एका पर्यवेक्षण-गटाविषयी अभिप्राय

रत्नागिरीत मारुती मंदिर परिसरातील एका शिकवणी-वर्गाच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून एका शनिवारी क्रीडा मानसशास्त्रज्ञांचा एक पर्यवेक्षण-गट भरतो. कोकणात या क्षेत्रात नव्याने उतरलेल्यांना त्याच्याइतकी उपयोगी सोय माझ्या पाहण्यात दुसरी नाही, आणि तरीही तो सरसकट सर्वांना सुचवावा असे मला वाटत नाही. संयोजकांना जाहिरात नको असते आणि गट आठ-दहा जणांपलीकडे वाढू द्यायचा नसतो, म्हणून नाव देत नाही. शहरातील कोणत्याही महाविद्यालयीन समुपदेशकाकडे चौकशी केली तर दोन फोनांत पत्ता लागतो.

या गटात खेळाडूंची एकाग्रता कशी वाढवावी, सामन्याआधी श्वासाचे कोणते व्यायाम द्यावेत, मनात चित्र उभे करण्याचा सराव कसा घ्यावा, यांपैकी काहीही शिकवले जात नाही. ते एम.ए.च्या अभ्यासक्रमात किंवा अल्पमुदतीच्या वर्गांत शिकून यायचे, हे प्रवेशाच्या वेळीच सांगितले जाते. इथे फक्त एकच काम चालते. खेळाडूबरोबर आपण जे केले ते लिहून आणायचे, गटापुढे वाचायचे आणि त्यावर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. या पद्धतीला क्षेत्रात रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिस म्हणतात. आमच्या गटात तिला नुसते ‘चिंतन’ म्हणतात, आणि मीही पुढे तोच शब्द वापरते.

चिंतनाची ही कल्पना खेळाच्या मैदानावर जन्मलेली नाही. अमेरिकी विचारवंत डोनाल्ड शोन यांनी १९८३ मध्ये असे मांडले की वास्तुरचनाकारापासून मानसोपचारतज्ज्ञापर्यंत कोणताही कसबी माणूस पुस्तकातील नियम जसेच्या तसे लावून काम करत नाही. तो काम चालू असताना विचार बदलतो आणि काम संपल्यावर त्याकडे मागे वळून पाहतो. परिचारिका आणि शिक्षक यांच्या प्रशिक्षणात ही पद्धत आधी रुजली. क्रीडा मानसशास्त्रात ती ठसठशीतपणे आणण्याचे श्रेय बरेचसे अँडरसन, नोल्स आणि गिलबोर्न या त्रयीच्या २००४ मधील लेखाला जाते. ब्रिटनमध्ये क्रीडा मानसशास्त्रज्ञाचे पद २००९ पासून कायद्याने संरक्षित आहे आणि तेथे पर्यवेक्षणाखालील प्रशिक्षणात स्वतःच्या कामाच्या चिंतनपर नोंदी ठेवाव्या लागतात. अमेरिकेतील व्यावसायिक संघटनेचे प्रमाणपत्र हवे असेल तर मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली ४०० तासांचा अनुभव दाखवावा लागतो. आपल्याकडे भारतीय पुनर्वास परिषद नैदानिक मानसशास्त्रज्ञांची नोंदणी करते. क्रीडा मानसशास्त्रज्ञांसाठी असा वेगळा परवाना नाही. त्यामुळे पदवी हातात पडली की पाटी लावायला कोणी अडवत नाही, आणि पाटी लावल्यावर आपले काम बरे चालले आहे की वाईट, हे सांगणाराही कोणी नसतो.

लांजा, राजापूर, देवगड अशा तालुक्यांत काम करणाऱ्याची अडचण याहून जास्त. २०११ च्या क्रिकेट विश्वचषकानंतर भारतीय संघाच्या मानसिक तयारीचे प्रशिक्षक पॅडी अप्टन यांच्यासारख्यांची नावे वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचली आणि संघाला ‘मनाचा कोच’ असतो एवढे सर्वांना कळले. पण तो नेमके काय करतो, हे कळले नाही. जिल्हा स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी क्रीडाशिक्षकांचा फोन येतो, “मॅडम, मुलांना जरा तासभर मोटिव्हेट करून जा.” तासभर बोलायचे, टाळ्या घ्यायच्या, शाल-श्रीफळ स्वीकारायचे आणि एस.टी. पकडायची. असे तास घेत वर्षानुवर्षे काढता येतात. अशा कामातून अनुभव साठत जातो, पण त्यातून शिकणे होतेच असे नाही, आणि या गटाची खरी गरज इथेच आहे.

बैठकीची रीत साधी आहे. प्रत्येक वेळी दोघांनी नोंद आणायची. नोंद सत्र झाल्याच्या दिवशीच लिहिलेली हवी, आणि खेळाडूचे निदान एक तरी वाक्य त्याच्याच शब्दांत हवे. वाचन संपेपर्यंत कोणी मध्ये बोलायचे नाही. त्यानंतर पहिला अर्धा तास केवळ प्रश्न विचारायचे; सल्ला द्यायला बंदी. ही बंदी पाळणे भल्याभल्यांना जड जाते, कारण समुपदेशकांचा घोळका जमला की सल्ल्यांचा पाऊस ठरलेला. पर्यवेक्षिका मॅडम मात्र या बाबतीत कडक आहेत. “तुम्ही असं करून बघायला हवं होतं” असे कोणी सुरू केले की त्या हात वर करून थांबवतात आणि तेच प्रश्नात बदलून विचारायला लावतात.

याचा परिणाम काय होतो ते एका बैठकीवरून सांगते. प्रशिक्षणार्थीची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे सर्व तपशील बदलले आहेत. गटातील एका मुलीने एका गावच्या कबड्डी संघातील चढाईपटूबरोबर काम सुरू केले होते. मुलगा गुणी, पण लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला, म्हणजे गुण आणला नाही तर बाद व्हावे लागते त्या चढाईला, तो ‘निदान रेषा’ (चढाई ग्राह्य धरली जाण्यासाठी ओलांडावी लागते ती रेषा) ओलांडून परत येण्यापलीकडे काहीच करत नसे. तीस सेकंदांतील निम्मा वेळ मध्यरेषेजवळच जाई. तिने नोंदीत लिहिले होते, “खेळाडू सुरुवातीला गप्प होता, नंतर खुलला. श्वसनाचा व्यायाम घेतला. प्रतिसाद चांगला.” खाली मुलाचे वाक्य होते, “ताई, तिसऱ्या चढाईला पायच उचलत नाहीत. सगळे माझ्याकडेच बघत असतात.”

पहिला प्रश्न एका नवख्या सदस्याने विचारला, “सगळे म्हणजे कोण?” तिने मुलाला हे विचारलेच नव्हते. दुसऱ्याने विचारले, “हे वाक्य आणि श्वसनाचा व्यायाम यांच्यामध्ये किती वेळ गेला?” ती म्हणाली, लगेचच घेतला. मग मॅडमनी विचारले, “त्या वेळी खोलीत आणखी कोण होते?” ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “सर दारात उभे होते. मोबाईलवर बोलत होते, पण कान इकडे असावा.” मॅडमनी तिच्या नोंदीवर बोट ठेवले. दाराचा आणि सरांचा त्यात उल्लेखच नव्हता.

पुढची चर्चा या दाराभोवतीच फिरली. प्रशिक्षक पाहत असताना ‘काहीतरी घडते आहे’ असे दिसावे म्हणून तर व्यायाम इतक्या घाईने घेतला गेला नाही ना, हा प्रश्न तिने स्वतःच स्वतःला विचारला. कोणी तोंडात घातला नव्हता. तो प्रश्न कागदावर उतरवून घेऊन ती गेली. पुढच्या वेळी तिने सरांशी स्पष्ट बोलून मैदानाच्या कडेने चालता चालता सत्र घेतले. तेव्हा ‘सगळे’ म्हणजे गुणलेखकाच्या टेबलाशेजारी बसणारे, मंडळासाठी मुंबईहून पैसे पाठवणारे मुलाचे थोरले काका, हे बाहेर आले. पायांचे जडपण श्वासाने सुटणारे नव्हते, हे तिथे उघड झाले. पुढच्या स्पर्धेत संघ पहिल्याच फेरीत गारद झाला, म्हणून या गोष्टीचा गोड शेवट कोणी शोधू नये. चिंतनाने गुण मिळत नाहीत. पुढच्या सत्रात काय विचारायचे, ते मिळते.

क्रीडा मानसशास्त्रातील नवख्यांवर झालेला अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतो. टॉड, अँडरसन आणि मार्चंट यांनी प्रशिक्षणार्थींचा काही वर्षे माग ठेवून २००९ मध्ये मांडलेले निष्कर्ष असे आहेत की सुरुवातीला हे लोक तंत्रांना चिकटून राहतात, समस्या चटकन सोडवून दाखवण्याची धडपड करतात आणि स्वतःच्या लायकीबद्दल धास्तावलेले असतात. हळूहळू धास्ती कमी होते आणि खेळाडूशी असलेल्या नात्याकडे लक्ष जाऊ लागते. आमच्या गटात हा प्रवास ज्याच्या त्याच्या वहीत दिसतो. पहिल्या महिन्यांतील नोंदींत व्यायामांची नावे दाटीवाटीने भरलेली असतात. पुढे त्यांची जागा माणसे घेतात.

गटाने दिलेला छापील तक्ता मात्र मला फारसा मानवला नाही. तो ग्रॅहम गिब्ज यांच्या १९८८ मधील सहा पायऱ्यांच्या चक्रावर बेतलेला आहे. आधी काय घडले ते लिहायचे, मग आपल्याला काय वाटले, काय बरे-वाईट झाले, का झाले, त्यातून काय हाती आले आणि पुढे काय करणार. कागदावर हे सुटसुटीत दिसते. प्रत्यक्षात घडल्याच्या वर्णनाने पाऊण पान भरते, ‘का झाले’ या रकान्यात एक ओळ येते आणि शेवटच्या रकान्यात “पुढच्या वेळी अधिक तयारी करीन” असे शालेय प्रगतिपुस्तकाला शोभणारे वाक्य पडते. तक्ता भरला की चिंतन झाले, अशी समजूत करून घेणारे दोघे-तिघे गटात आहेतच. त्यापेक्षा मॅडम तोंडी वापरतात ती तीन पातळ्यांची मांडणी अधिक कामाची आहे. मॅक्स व्हॅन मॅनेन यांनी १९७७ मध्ये शिक्षणक्षेत्रासाठी ती केली होती. पहिली पातळी तंत्राची, म्हणजे व्यायाम बरोबर घेतला का. दुसरी व्यवहाराची, म्हणजे या खेळाडूला, या प्रसंगी तो हवा होता का. तिसरी टीकेची, म्हणजे हे कोणाच्या सोयीसाठी चालले आहे, कोणाच्या दबावाखाली, आणि ते असेच असले पाहिजे का. दारातले सर आणि टेबलाजवळचे काका तिसऱ्या पातळीवर दिसतात. तक्त्यात त्यांच्यासाठी रकानाच नाही.

काम चालू असतानाच्या चिंतनाला गटात कमी वेळ मिळतो. तसे होणार, कारण ते वहीत सापडत नाही. तरी एक प्रसंग लक्षात राहण्यासारखा होता. मालवणच्या चिवला बीचवर होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेसाठी गटातील एक जण एका लहान मुलीबरोबर गेला होता. पोहण्याच्या मार्गाचे मनात चित्र उभे करण्याचा सराव तो लिहून घेऊन गेला होता. शर्यत सुरू व्हायला उशीर झाला, वारा सुटला आणि मुलगी कुडकुडू लागली. त्याने कागद खिशात घातला, तिच्या अंगावर टॉवेल टाकला आणि तिच्या शाळेतल्या मांजराबद्दल गप्पा मारल्या. हे सारे सुचले कसे, कागद सोडावा असे नेमके कोणत्या क्षणी वाटले, यावर बैठकीत चांगला ऊहापोह झाला. खालच्या टपरीवरून कांदाभजी वेळेवर आली नसती तर तो आणखी लांबला असता.

आता गोपनीयतेविषयी, कारण या बाबतीत गटाची कामगिरी खरोखर वाखाणण्यासारखी आहे. मोठ्या शहरात खेळाडूचे नाव बदलले की पुष्कळसे भागते. आपल्याकडे “अमुक तालुक्यातली डाव्या कोपऱ्यात खेळणारी मुलगी” एवढे म्हटले की निम्म्या खोलीला तिचे आडनाव, वाडी आणि मामाचे गाव कळते. म्हणून गटाचा नियम असा की नावाबरोबर खेळ किंवा खेळातील जागा, वय आणि गाव यांपैकी निदान दोन गोष्टी बदलायच्या. तरीही कोणाला ओळख पटली तर त्याने ते तिथेच सांगून त्या चर्चेतून उठायचे. नातेवाईक, शेजारी, भावकीतला खेळाडू असेल तर तसे आधी जाहीर करायचे. वह्या बैठकीनंतर घरी न्यायच्या, फोटो काढायचे नाहीत, व्हॉट्सअ‍ॅप गटावर नोंदी टाकायच्या नाहीत. सत्राचे ध्वनिमुद्रण केवळ लेखी संमतीने, आणि खेळाडू अठरा वर्षांखालील असेल तर पालकांच्या सहीने.

याला जोडूनच मॅडम एक गोष्ट दर नव्या सदस्याला सांगतात, आणि ती अनेक पदवी-अभ्यासक्रमांत राहून जाते. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार असा गुन्हा घडल्याचे कळले तर तो कळवणे बंधनकारक आहे. तिथे गोपनीयतेचे आश्वासन चालत नाही. म्हणून ‘तू बोलशील ते माझ्यापाशीच राहील’ असे पहिल्याच भेटीत खेळाडूला सरसकट सांगू नये, मर्यादा आधी समजावून द्यावी. ती कशा शब्दांत समजावली, हेही नोंदीत लिहायला लावतात. मला हा आग्रह रास्त वाटतो.

उणिवा आहेत, आणि त्यांपैकी एक मोठी आहे. गटात खेळाडूचा आवाज केवळ आपल्या लिखाणातून येतो. सत्र उपयोगी पडले का, हे खेळाडूला किंवा त्याच्या प्रशिक्षकाला कोणी विचारत नाही, तशी पद्धतच बसवलेली नाही. चिंतनाने आपण अधिक सजग झालो, असे आम्ही सगळे छातीठोकपणे सांगतो. पण या विषयावरचे बरेचसे लेखनही मानसशास्त्रज्ञांच्या स्वतःबद्दलच्या कथनांवरच उभे आहे, आणि खेळाडूला त्याचा किती फायदा होतो याचा पुरावा त्या मानाने तुटपुंजा आहे. हे मान्य करून गटाने खेळाडूंसाठी चार ओळींची साधी अभिप्राय-चिठ्ठी तरी सुरू करावी. मी हे बैठकीत सुचवले आहे. ‘बघू’ असे उत्तर मिळाले.

दुसरे असे की काही जणांच्या बाबतीत चिंतनाचे रूपांतर स्वतःला झोडपण्यात होते. प्रत्येक नोंद ‘मी कमी पडले’ अशी संपते आणि बाकीचे सहानुभूतीने माना डोलावतात. मॅडम अशा वेळी त्याच सत्रात बरे काय चालले होते ते शोधायला लावतात, पण त्या नसतील तर गट त्या वाटेने घसरतो. पावसाळ्यात त्यांच्या अनुपस्थितीत ऑनलाइन होणाऱ्या बैठका म्हणूनच फिक्या पडतात. त्यातून वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नाही. राजापूरच्या बाजूचे सदस्य प्रश्न विचारता विचारता पडद्यावरून नाहीसे होतात.

तक्ते, संमतिपत्रे आणि वाचनसाहित्य अजून इंग्रजीतच आहे, ही तिसरी तक्रार. नोंदी मराठीत लिहायला पूर्ण मुभा आहे, बहुतेक जण तसेच लिहितात, पण ज्या कागदावर शेतावरून आलेल्या बापाची सही घ्यायची तो कागद त्याला वाचता येऊ नये, हे पटणारे नाही.

शुल्क रत्नागिरीच्या मानाने जास्त वाटेल. तरी पुण्या-मुंबईत खासगी पर्यवेक्षणाच्या एका तासाला जे मोजावे लागते त्यापेक्षा महिन्याचा खर्च कमी येतो, आणि दूरच्या तालुक्यांतून येणाऱ्यांना त्यात थोडी सूट आहे. वर्षाअखेर उपस्थितीचे एक पत्र मिळते. त्याला परवान्याची किंमत नाही, आणि संयोजकही तसा दावा करत नाहीत. ज्यांना नोकरीच्या अर्जाला जोडायला कागद हवा आहे त्यांनी इकडे फिरकू नये. ज्यांनी अजून एकाही खेळाडूबरोबर सलग काम केलेले नाही त्यांनाही इथे हात हलवत बसावे लागेल, कारण वाचायला नोंदच नसेल. निदान एक संघ किंवा दोन-तीन खेळाडू नियमित भेटत असतील तर मात्र अवश्य यावे. शाळांचे क्रीडाशिक्षकही विचारणा करतात असे ऐकते. सध्या त्यांना घेत नाहीत, आणि दारातल्या सरांची गोष्ट ऐकल्यावर ते का, हे मला समजू शकते, जरी त्यांच्यासाठी वेगळा गट निघायला हरकत नसावी.

नवी तुकडी गणपतीनंतर सुरू होते. नाव नोंदवताना सत्राच्या एका नोंदीचा नमुना मागतात. तो एक पानी असला तरी चालतो, मात्र खेळाडूचे नाव-गाव खोडलेले असावे. पालकांच्या संमतिपत्राचे मराठीकरण चालू असल्याचे संयोजक सांगतात. ते हाती येईपर्यंत इंग्रजी पत्रावर सही घेऊ नये. पालकांना समोर बसवून मजकूर मराठीत वाचून दाखवावा, आणि तोवर अठरा वर्षांखालील खेळाडूच्या सत्राचे ध्वनिमुद्रण टाळावे.